प्रतिकृतीचे इंजिन : जुने घ्यावे की नवे?

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंग्लंडमधील डॉन्कास्टर येथे १९२३ साली बांधलेले वाफेचे इंजिन. नायजेल ग्रेस्ली यांनी त्याची रचना केली आणि १९३४ साली त्याने ताशी १०० मैल वेगाची अधिकृत नोंद केली. हॉर्नबी कंपनीने काढलेल्या त्याच्या प्रतिकृती गेली अनेक दशके घरोघरच्या रुळांवर धावत आहेत. १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालणारी ही प्रतिकृती मूळ इंजिनाच्या सुमारे ७६व्या हिश्शाएवढी असते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलांकडून नातवंडांसाठी ती मागवताना प्रश्न पडतो : जुनी आवृत्ती घ्यावी की नवी?

बँकेत कर्जाचा अर्ज आला की पहिला प्रश्न असे, पैसा कशासाठी हवा? येथेही निर्णय त्याच प्रश्नावर ठरतो.

जुन्या प्रतिकृतीत पुष्कळदा मोटार इंजिनात नसून मागच्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे टेंडरमध्ये असते. ती आवाज करते आणि मंद गतीत अडखळते. मात्र तिचे कार्बन ब्रश बदलता येतात, चाकांवरची रबरी कडी नवी घालता येतात. हातकठडे साच्यातच उमटवलेले असल्यामुळे ती लहान मुलांच्या हाताळणीला पुरून उरते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेल्या नव्या आवृत्तीत मोटार इंजिनातच बसवली गेली. चाल संथ आणि सुरेख झाली. हातकठडे बारीक तारेचे, स्वतंत्र जोडलेले. डिजिटल नियंत्रणाची चकती बसवण्याची सोयही आली. परंतु हे सौंदर्य नाजूक आहे. शिवाय अशा लांब इंजिनाला सहसा किमान ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते. घरातील जुने रूळ ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे असतील, तर इंजिनाबरोबर रुळांचाही खर्च गृहीत धरावा.

खोक्यावरील वर्षावर विसंबू नये. ‘रेलरोड’ या स्वस्त मालिकेत जुन्या साच्यांवरची इंजिनेही नव्या खोक्यांत विकली गेली आहेत. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : मोटार कोठे आहे, डिजिटल चकतीसाठी जागा आहे का, आणि इंजिन प्रत्यक्ष चालवून पाहिले आहे का? जुन्या वस्तूच्या बाबतीत जस्तमिश्रित धातूच्या भागांना तडे गेले आहेत का, हेही पाहावे. तसे असल्यास किंमत कितीही कमी असली तरी नकार द्यावा. हा दोष दुरुस्त होत नाही.

शोभेच्या कपाटासाठी वा मोठ्या, स्थिर मांडणीसाठी नवी आवृत्ती निःसंशय सरस. पण आठ वर्षांच्या नातवाने आजोबांशेजारी बसून इंजिन उघडावे, वंगणाचा एक थेंब द्यावा आणि थांबलेली गाडी स्वतः चालू करावी, अशी इच्छा असेल तर जुनीच आवृत्ती श्रेयस्कर. बिघडलेली वस्तू टाकून न देता नीट करता येते, हा धडा त्या किमतीत मिळत असेल, तर हा व्यवहार तोट्याचा म्हणता येणार नाही.