टोचणी आणि एकटेपण

अपराधाच्या जाणिवेला आपल्या भाषेत एक शब्द पुरत नाही. लहानशा चुकीची असते ती रुखरुख. ती मुरली की खंत होते. रोज सलू लागली की टोचणी. आणि सारे घडून गेल्यावर आतून पोळते तो पश्चात्ताप. ‘पश्चात्’ म्हणजे नंतर, ‘ताप’ म्हणजे पोळणे. आमच्या घरात याच ठिकाणी ‘तौबा’ हा शब्द येतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ मागे फिरणे, परतणे. एक शब्द जळण्याविषयी बोलतो, दुसरा परतण्याविषयी. साहित्यातील कितीतरी दुःखी पात्रे या दोन शब्दांच्या मधल्या वाटेवर उभी आहेत. ती जळत असतात. पण परतायचे कसे, कुणाकडे, हे त्यांना उमगत नाही.

एकांत आणि एकाकीपण यांत जसा फरक आहे, तसाच लाज आणि अपराधभाव यांतही आहे. एकांत माणूस आपण होऊन मागतो. एकाकीपण त्याच्यावर येऊन पडते. लाज दुसऱ्याच्या डोळ्यांची असते. गाव बदलले की ती थोडी कमी होते. अपराधभाव आपल्याच डोळ्यांचा असतो, तो गाव बदलून सुटत नाही. म्हणूनच टोचणी लागलेला माणूस हळूहळू एकटा पडतो. चारचौघांत बसतो, हसतो, पण मनात म्हणतो, यांना खरे कळले तर हे माझ्याजवळ बसतील का? प्रेमाचा प्रत्येक शब्द त्याला उसना वाटू लागतो.

हे जगाला फार खोलवर जाऊन दाखवले ते रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की यांनी. त्यांची ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी १८६६ साली आली. तिचा नायक रास्कोलनिकोव्ह हा गरीब विद्यार्थी एका सावकारीण म्हातारीचा खून करतो. पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, पण शिक्षा त्याआधीच सुरू होते. आई आणि बहीण भेटायला येतात, तेव्हा त्याला त्यांना मनापासून मिठीही मारता येत नाही. मनावरचे ओझे तो प्रथम मोकळे करतो ते सोन्या नावाच्या, समाजाने टाकलेल्या मुलीपाशी. तिथून पुढे सैबेरियाचा तुरुंग आहे. पण त्याची परतीची वाटही तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ बहुतेकांना ठाऊक आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्याच विदर्भातील सावनेर येथे गडकरी वारले आणि त्यानंतर महिनाभरातच हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. दारूचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक अशी त्याची ओळख आहे. मला मात्र ते टोचणीचे नाटक वाटते. सुधाकर हा हुशार वकील. भर कोर्टात झालेला अपमान विसरण्यासाठी तो पहिला प्याला घेतो. पुढचे प्याले पहिल्या प्याल्याची लाज विसरण्यासाठी असतात. घरी सिंधू दळणकांडण करून संसार चालवते आणि एक शब्द बोलत नाही. तिचे हे न बोलणे सुधाकरला शिव्यांपेक्षा जास्त लागते. मध्येच तो दारू सोडून उभा राहू पाहतो, तर विश्वासाने काम द्यायला कुणी पुढे येत नाही. परतणाऱ्या माणसासाठी दार उघडे ठेवणे हे समाजाचे काम असते. ते दार बंद झाले की पश्चात्तापाचेही विष होते.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही छोटी कादंबरी १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर या मराठी तरुणाला हॅर्टा भेटते. ती हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू तरुणी. थोड्या दिवसांत दोघांत प्रेम जुळते, पण मुंबई आली की चक्रधर उतरतो आणि तिला पुढे जावे लागते. तिला देश नाही, घर नाही, आणि आता तोही नाही. ती समुद्रात जीव देते. चक्रधरच्या हातात राहतात तिची पत्रे. त्याने गुन्हा असा कोणताच केलेला नाही. तरीही ‘मी आणखी काही करू शकलो असतो का?’ हा प्रश्न त्याला सोडत नाही. कुणी आपले गेले की आपल्यालाही हाच प्रश्न पडतो. ज्याला तो सांगायचा, तोच ऐकायला उरलेला नसतो.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’. नाटककार यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यात खून नाही. वैदर्भीय खेड्यातील देशपांड्यांच्या वाड्यात कर्ता पुरुष वारला आहे आणि तेराव्याची तयारी चालली आहे. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर उभा आहे. म्हाताऱ्या दादीला आपला मुलगा गेल्याचेही भान नाही. थोरला भास्कर घराण्याचा डौल सांभाळून थकला आहे. मुंबईला गेलेल्या सुधीरला गाव सोडल्याची खंत आहे. मुलगी प्रभा हिला शिकायचे होते, पण घराण्याच्या अब्रूपायी तिला बाहेर पाठवले नाही. आणि धाकटा चंदू दुखरा पाय ओढत सर्वांची कामे करतो. त्याला काय हवे, हे त्याला कुणी विचारलेले नाही.

या वाड्यात प्रत्येकाला दुसऱ्याविषयी थोडी टोचणी आहे, पण तो विषय कुणी काढत नाही. मग बोलणे होते ते पैशाचे, सोन्याचे आणि वाटणीचे. एकाच छपराखाली राहणारी ही माणसे जणू वेगवेगळ्या बेटांवर राहतात. एकटेपण रिकाम्या खोलीतच असते असे नाही, भरल्या घरात ते जास्त असते, हे एलकुंचवारांनी दाखवले.

आमच्या जिल्ह्यातील एका वाचनालयात मी या नाटकाविषयी बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर साठीचे एक शेतकरी गृहस्थ थांबले. म्हणाले, “आमच्या घरीबी एक प्रभा आहे. बहिणीची शाळा मीच सोडवली होती. धानाच्या रोवणीले हात कमी पडत होते.” मी विचारले, “ताईंना कधी हे बोललात?” त्यांनी मान हलवली. “दर राखीले येते. पण सांगतलं नाही.” चाळीस वर्षांची टोचणी त्यांनी एका परक्या माणसाला सांगितली, ती एका नाटकातील मुलीचे नाव ऐकून. जिला ऐकायचा हक्क होता तिच्यापर्यंत मात्र ती पोहोचली नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आपल्या घराघरांत आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्याकडे आपण मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून पाहतो. पण त्याचा आकार बघा. बेचाळीस रात्री श्याम आपल्या सोबत्यांना गोष्टी सांगतो. त्यांत आपले हट्ट, आपल्या चुका तो लपवीत नाही. आई गेली तेव्हा तो जवळ नव्हता, हे त्याच्या आयुष्यातील मोठे दुःख आहे. तरीही श्याम सुधाकरसारखा मोडत नाही. कारण त्याच्याभोवती ऐकणारी माणसे बसली आहेत. सांगितल्याने चूक पुसली जात नाही, पण ती एकट्याने वाहावी लागत नाही.

आपल्या झाडीपट्टीला हे अनुभवाने ठाऊक आहे. दिवाळीनंतर मंडई भरू लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत थंडीच्या रात्री नाटके सुरू होतात, ती पहाटेपर्यंत चालतात. रंगमंचावर भाऊ भावाशी चुकतो, मुलगा आईला विसरतो आणि शेवटी पाया पडतो. शहरी समीक्षक याला भडक म्हणतील. पण घोंगडी पांघरून बसलेला, घरात कधी न रडणारा बाप्या माणूस तिथे उपरण्याने डोळे पुसतो. शेजारचाही पुसत असतो, म्हणून कुणाला कुणाची लाज वाटत नाही. एकट्याचे दुःख तिथे घटकाभर साऱ्या गावाचे होते.

दुःखी पात्रांची पुस्तके वाचून मन खचत नाही का, असे मला विचारतात. माझे उत्तर असे की, ज्याचे मन आधीच खचलेले आहे, त्याला त्या पुस्तकात पहिल्यांदा सोबत मिळते. मात्र पुस्तक सोबत देते, उत्तर देत नाही. सुधाकरला वाचून रडणे सोपे आहे. दारू सोडून आलेल्या शेजाऱ्याला पुन्हा कामावर घेणे अवघड आहे. चंदूसाठी हळहळणे सोपे, पण आपल्याच घरात सर्वांची ताटे झाल्यावर जेवणाऱ्या माणसाला ‘तुला काय हवे?’ असे विचारणे राहून जाते. पुस्तक मिटल्यावर एवढे विचारून पाहावे. पुढची राखी काही फार दूर नसते.