अमेरिकेचे वार्तापत्र : चिठ्ठीने ठरलेली अटक

मिनियापोलिस : परभणीकर वाचकास प्रथम हे सांगितले पाहिजे की, या देशात पोलिसांचा कारभार मुख्यतः नगरांच्या हाती असतो आणि सर्व प्रकारची मिळून लहानमोठी दले देशभर 18,000च्या घरात आहेत. आपल्याकडे जिंतूरच्या ठाण्यातील एखादा नमुना बदलावयाचा तरी वरचा हुकूम लागतो. येथे पोलीसप्रमुख अँथनी बौझा यांनी रुकार देताच 1981 साली लॉरेन्स शेरमन या समाजशास्त्रज्ञास थेट गस्तीच्या शिपायांबरोबर प्रयोग मांडता आला.

बायकोस मारहाण झाल्याची किरकोळ फिर्याद आली, की शिपायाने हातातील वहीचे वरचे पान पाहावयाचे आणि त्याच्या रंगाप्रमाणे नवऱ्यास अटक तरी करावयाची, समज तरी द्यावयाची, नाहीतर आठ तास घराबाहेर तरी काढावयाचे. आपल्या कृषी विद्यापीठात कोणत्या वाफ्यात कोणते वाण पेरावयाचे हे चिठ्ठीने ठरते, तोच हा न्याय. मात्र वाफा तक्रार करीत नाही आणि वाण पेरणारा मजूर आपली अक्कल चालवीत नाही. येथे काही शिपायांनी रंग डावलला, आणि 314 प्रकरणांपैकी चौथाईहून अधिक तर अवघ्या तिघांनीच आणली!

1984 साली निष्कर्ष निघाला : पुढील सहा महिन्यांत पुन्हा मारहाण झाल्याची नोंद अटकेनंतर 10 टक्के, समज दिल्यावर 19, बाहेर काढल्यावर 24. पुढील काही वर्षांत अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. पुढे मिलवॉकी नगरात तसाच प्रयोग झाला, तेव्हा बेकार नवरे अटकेनंतर अधिकच चवताळतात असे आढळले. 1992 साली खुद्द शेरमन सक्तीचे कायदे रद्द करा म्हणू लागले, पण कायदा करणे जितके सोपे तितके मागे घेणे नव्हे.

त्याच 1984 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. तेथे समाजकार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी बसून बाईची कैफियत ऐकते, आणि गुन्हा नोंदवावयाचा की नवऱ्यास समोर बोलवावयाचे याचा विचार त्या बाईच्याच सल्ल्याने होतो. या पद्धतीतून टक्केवारी निघत नाही, हे खरे. तरीही मला ती अधिक पटते, कारण ठाण्याची पायरी चढलेल्या बाईस काय हवे आहे हे रंगीत वहीत कोणी विचारलेच नव्हते.