यीस्टचा साबण आणि बाटलीतला फेस

वाशिंदच्या आमच्या घरात ओट्याखाली एक बाटली ठेवलेली असते. एक भाग गूळ, तीन भाग मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी आणि चिमूटभर यीस्ट. झाकण सैल केलं की फुस्स होतं, फेस वर येतो. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "यीस्टनं साबण केला की!"

साबण नाही झाला, काकू. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. पावाचं यीस्ट साखरेपासून मद्य आणि वायू करतं, पुढे जिवाणू त्या मद्याचं ॲसिटिक आम्ल करतात. नळावरचे क्षारांचे डाग निघतात ते या आंबटपणामुळे. तेलकटपणा ओढून काढायची ताकद त्यात फारशी नसते. आणि ब्लीचिंग पावडर त्यात चुकूनही मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो.

यीस्टचा खरा साबण वेगळाच आहे. स्टार्मेरेला बॉम्बिकोला हे यीस्ट बंबलबी या केसाळ माशीच्या मधात सापडलं. त्याला ग्लुकोज आणि तेल दिलं की ते सोफोरोलिपिड बनवतं. त्याच्या रेणूचं डोकं ग्लुकोजच्या जोडीचं, ते पाण्याला धरतं. शेपूट स्निग्धाम्लाचं, ते तेलाला. हलवायचं थांबवलं की चंबूच्या तळाशी तपकिरी, काकवीसारखा दाट थर बसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अस्मिता प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतही (आयसीटी) त्यावर संशोधन झालं आहे.

फेस नाही म्हणजे मळ निघत नाही, हाही पक्का बसलेला समज. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलीन्यूटन असतो. सोफोरोलिपिड तो 35च्या आसपास आणतं, म्हणून पाणी धाग्यांत शिरतं. फेस मात्र कमीच. भांडी धुण्याच्या यंत्राला तेच सोयीचं; जपानमध्ये त्यासाठी ते वापरलंही जातं. रिठ्याचा फेस येतो तो सॅपोनिनमुळे, त्यात यीस्टचा संबंध नाही.

"नैसर्गिक आहे, मग नदीत गेलं तर काय बिघडलं?" हे मला सर्वात जास्त खुपतं. सोफोरोलिपिडचं विघटन लवकर होतं, खरं. पण ते करणारे जिवाणू पाण्यातलाच प्राणवायू वापरतात. शिवाय सोफोरोलिपिडचा एक प्रकार काही जिवाणूंना मारतो. भातसा नदीचं पाणी आपण पितो, मुंबईही पिते. कपडे धुतलेलं पाणी काठापासून लांब, मातीतच ओतावं.

बाटलीवर आता चिठ्ठी चिकटवली आहे: आंबट पाणी. नळासाठी. ब्लीचिंग नको.