कान झाकलेला डॉक्टर

2020 च्या उन्हाळ्यात कोविड कक्षांतली एक अडचण बाहेर फारशी कुणाला कळली नाही. पीपीई घातलेल्या डॉक्टरचे कानच झाकलेले, मग स्टेथोस्कोप लावायचा कुठे? टोपी सैल करावी तर संसर्गाची भीती, आणि फुप्फुसाचा आवाज ऐकल्याशिवाय तर भागत नाही.

पवईत यावरचा उपाय आधीच आकाराला आला होता. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं केलं. तिथल्या तरुणांनी केलेलं 'आयुसिंक' मला फार आवडतं ते एका कारणासाठी: ते डॉक्टरला स्वतःचा स्टेथोस्कोप टाकायला लावत नाही. चकती आणि नळी यांच्या मध्ये ते बसवायचं. सेन्सर छातीतला आवाज टिपतो, मोठा करतो आणि ब्लूटूथवरून फोनवर धाडतो. आवाज साठवता येतो, त्याचा आलेखही दिसतो. त्या साथीत असे सुमारे 1,000 डिजिटल स्टेथोस्कोप देशभरातल्या रुग्णालयांत गेले. 1816 साली पॅरिसात लेनेक या डॉक्टरने एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली, तिथून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. दोनशे वर्षांनी गरज पुन्हा अंतराचीच होती.

साथीच्या त्याच दिवसांत मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने 'रक्षक' हा रोबो केला. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या खात्याने रुग्णसेवेचं यंत्र घडवावं, याचं मला आजही कौतुक वाटतं. ताप, नाडी, ऑक्सिजन मोजायचा, 10 किलोपर्यंतचं जेवण-औषध ट्रेमधून न्यायचं, डॉक्टर आणि रुग्णाची व्हिडिओवर गाठ घालून द्यायची. दीडशे मीटरवरून तो चालवता येई, बॅटरी सहा तास टिके. अट एकच, जमीन सपाट हवी. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांतले उंबरठे आणि उखडलेल्या फरश्या आठवल्या, की ही अट किती मोठी आहे ते कळतं. कल्याणच्या होली क्रॉस रुग्णालयात डोंबिवलीच्या प्रतीक तिरोडकर यांचा 'कोरो-बॉट' असाच औषधं आणि जेवण पोचवत होता.

साथ ओसरली, पण मीरा-भाईंदरजवळच्या वरसाव्याला अंतराचा प्रश्न रोजचाच आहे. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता इथे अहमदाबाद महामार्गाला मिळतो, आणि पालघरहून मुंबईला निघालेली रुग्णवाहिका इथल्या कोंडीत अडकते, हे मीरा-भाईंदरमध्ये कुणाला सांगायला नको. खाडीवर नवा पूल झाला तरी ती चिंता पुरती गेलेली नाही. इंजिनाची घरघर आणि बाहेरचे हॉर्न यांत साध्या स्टेथोस्कोपने छाती ऐकणं फार कठीण. तेव्हा 108 रुग्णवाहिका सेवेच्या प्रत्येक गाडीत आयुसिंकसारखा एक सेन्सर हवा, आणि तो आवाज ऐकायला रुग्णालयात चोवीस तास एक डॉक्टर नेमलेला हवा. नुसतं यंत्र दिलं आणि पलीकडे कुणी नसेल, तर तो पैसा वाया गेला.