उघड्या डोंगरावर रान परत कसं येतं?

तळेगावात बसून डोंगरांविषयी बोलायचं, तर सुरुवात आपल्याला रोज दिसणाऱ्या डोंगरांपासूनच करू. इकडे घोराडेश्वर, इंद्रायणीपलीकडे भंडारा. पावसाळ्यात हिरवेगार, दिवाळीनंतर पिवळे आणि शिमग्याच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी काळे. बघणारा म्हणतो, डोंगर उघडा पडलाय, झाडं लावली पाहिजेत. आम्हीही तेच म्हणत होतो. पहिल्या वर्षी जुलैत खड्डे घेतले, रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लावायची वेळ आली. काहींचे शेंडे शेळ्यांनी खाल्ले होते, उरलेली मार्चच्या वणव्यात गेली होती. तेव्हा आम्ही स्वतःला वेगळा प्रश्न विचारला: इथे मुळात जे झाड आहे, ते वाढत का नाही?

हा प्रश्न जगात आणखीही लोकांना पडलाय. स्कॉटलंडच्या उत्तर भागात एके काळी पाइनची मोठी जंगलं होती. शतकानुशतकं तोड झाली आणि थोडेच तुकडे उरले. गंमत अशी, की तोड थांबल्यावरही जंगल वाढेना. दोन-दोनशे वर्षांची म्हातारी झाडं उभी, खाली बी पडतंय, रुजतंय, पण तरणं झाड एकही नाही. कारण होतं हरीण. लांडगा तिथून केव्हाच संपला होता, शिकारीच्या हौसेसाठी जमीनदारांनी हरणं भरपूर राखली होती आणि प्रत्येक रोपाचा शेंडा हिवाळ्यात खाल्ला जात होता. ग्लेन फेशी नावाच्या खोऱ्यात या शतकाच्या सुरुवातीला हरणांची संख्या मोठ्या प्रमाणावर कमी केली. त्यावरून बराच वाद झाला, कारण शिकारीवर पोट असणारी माणसंही तिथे होती. पण नंतर त्याच खोऱ्यात, रोपं न लावता, पाइनची पोरं वर आली.

यातून नियम एकच निघतो. झाडाचा शेंडा चरणाऱ्या जनावराच्या तोंडाच्या वर गेला पाहिजे. तो एकदा गेला की झाड सुटलं. तोवरची काही वर्षं हीच खरी परीक्षा.

आपल्याकडे पाइन नाही आणि डोंगर खाणारं हरीणही नाही. आपल्याकडे गाय, म्हैस, शेळी, मेंढी आहे. शेळी मागच्या पायांवर उभी राहून माणसाच्या डोक्यापर्यंतचा पाला सहज ओरबाडते. कधी डोंगरावर वाकून बघा. गुडघ्याएवढं, गच्च, गोळा झालेलं झुडूप दिसतं. ते झुडूप नसतं. तो धावडा असतो, ऐन असतो. जुन्या तोडलेल्या बुंध्याला दर पावसाळ्यात फुटवे येतात आणि दर हिवाळ्यात ते खाल्ले जातात. वर गुडघाभर, पण खाली मुळं जुन्या झाडाची, खडकाच्या भेगांत खोल गेलेली. नर्सरीतल्या पिशवीतलं रोप या मुळाची बरोबरी करू शकत नाही. चराई थांबली तर हा फुटवा एखाद-दोन पावसाळ्यांत तुमच्या डोळ्यांदेखत वर निघतो.

दुसरी गोष्ट करवंदीच्या जाळीची. काट्यांमुळे जनावर आत तोंड घालत नाही. बुलबुलासारखे पक्षी तिथे बसतात, बिया टाकतात आणि जाळीच्या मधोमध एखादं भोकर गुपचूप मोठं होतं. निसर्गाने घातलेलं हे कुंपण आहे. म्हणून वृक्षारोपणाआधी ‘साफसफाई’ म्हणून करवंदी तोडू नका, एवढं तरी आजच्या व्याख्यानातून घेऊन जा.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक उघडी जमीन म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. पुढे सुप्याकडे गेलात तर मुळातलीच गवताळ राने आहेत, चिंकारा आणि लांडग्याची. मयूरेश्वर अभयारण्य तिथलंच. तिथे दाट झाडं लावणं म्हणजे त्या रानाचं नुकसानच. आपलं तळेगाव या दोन टोकांच्या मधे आहे. मग इथे काय होतं हे ओळखायचं कसं? जुने बुंधे शोधा, ओढ्याच्या घळीत काय टिकलंय ते बघा आणि जवळची देवराई बघा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या. देवाच्या धाकाने कुऱ्हाड आणि चराई बाहेर राहिली, म्हणून आपल्या मातीत काय उगवतं याचा नमुना तिथे शिल्लक आहे.

आता अवघड भाग. ‘चराई बंद करा’ हे आपण फार सहज म्हणतो. पण बंद कोणाची? ज्याच्याकडे बागायत आहे, त्याची म्हैस गोठ्यात चारा खाते. डोंगरावर जाते ती भूमिहीनाची शेळी, ठाकर-कातकरी वस्तीतली दोन जनावरं आणि वाटेवरच्या धनगरांची मेंढरं. 2006च्या वनहक्क कायद्याने चराई हा वनावर अवलंबून असलेल्या समाजांचा, भटक्या पशुपालकांचासुद्धा, हक्क मानला आहे. त्यांना न विचारता कुंपण घातलं, तर कुंपण मोडणार, आणि मोडणाऱ्याला दोष देता येणार नाही.

हे कोडं महाराष्ट्रातच सुटलेलं आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने 1990 नंतर पोपटराव पवार सरपंच असताना कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पण ती ग्रामसभेत ठरवून, आणि गवत कापून न्यायची मुभा ठेवून. जनावर डोंगरावर जायचं थांबलं, चारा डोंगरावरून जनावराकडे आला. मोकाट खाल्लं की गवत फुलोऱ्यावर येण्याआधीच संपतं. राखून कापलं की तेवढ्याच जमिनीतून कितीतरी जास्त निघतं. सोबत पाणी अडवण्याची कामं झाली आणि गावाचं दूध वाढलं. म्हणजे बंदीच्या आधी चाऱ्याची सोय लागते.

सगळा डोंगर एकदम बंद करायचीही गरज नाही. तीन भाग करा, एक राखा, दोन चराईला मोकळे ठेवा. पहिल्या भागातली झाडं तोंडाच्या वर गेली की तो उघडा आणि दुसरा बंद करा. शेळीवाल्याला डोंगर कायमचा गमवावा लागत नाही.

राखलेल्या डोंगराचा मोठा शत्रू मात्र वणवा. न खाल्लेलं गवत फेब्रुवारीपासून वाळून उभं राहतं, एका काडीत सगळं जातं. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हा समज अजून आहे. कोवळे फुटवे दिसतात हे खरं, पण कोवळी झाडं मरतात, माती उघडी पडते आणि पहिल्याच वळवाच्या पावसात वाहून जाते. म्हणून थंडीतच जाळरेषा काढायच्या आणि गवत वेळेवर कापून न्यायचं. पाहिलंत, चाऱ्याचा आणि आगीचा उपाय एकच निघाला.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावायची, पण शेवटी, आणि जिथे बुंधेही नाहीत आणि बीही पोचत नाही तिथे. राज्यात 2016 मध्ये 2 कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य होतं, 2019 मध्ये ते 33 कोटींवर गेलं. लावलेली झाडं मोजणं सोपं असतं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, भराभर वाढतो आणि जनावरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत म्हणून लावला गेला. हिरवं दिसलं, पण त्याखाली देशी झाड क्वचितच उभं राहिलं.

आपल्या पट्ट्यात, चाकणपासून तळेगावपर्यंत, कंपन्या आहेत, वृक्षारोपणाला पैसाही आहे. तुमच्यापैकी कोणाच्या हातात तो निर्णय असेल, तर एक विनंती. यंदा रोपांची संख्या निम्मी करा. उरलेल्या पैशातून डोंगराखालच्या वाडीतल्याच दोघांना वर्षभर राखणदार नेमा आणि गवत कापणाऱ्यांची मजुरी द्या. शेळी पाळणाऱ्या बाईला बैठकीला बोलवा आणि कुठला भाग आधी राखायचा हे तिला विचारा. कुठे फुटवा येतो, हे तिच्याइतकं आपल्यापैकी कोणाला माहीत नाही.

आणि पुढच्या वर्षी मोजायला जाल तेव्हा रोपं मोजू नका. किती शेंडे शेळीच्या तोंडाच्या वर गेले, ते मोजा.