विजापूरची सात मंझिल

विजापूरला गेलेला प्रवासी बहुधा गोल घुमटात शिरतो, एक आरोळी ठोकून तिचे पडसाद मोजतो आणि परतीची गाडी गाठतो. अर्किल्ल्यातील सात मंझिल या मनोऱ्यासारख्या उंच वास्तूकडे फारसे कोणी वळत नाही. गाण्याची आवड असणाऱ्याने मात्र ती चुकवू नये.

हुबळीस गोकुळ रोडवर आमचे आप्त राहतात. तेथे मुक्कामास असताना त्याच रस्त्यावरील बसस्थानकातून पहाटेची गाडी धरली. सवाई गंधर्व आणि गंगूबाई हनगल यांच्या मुलखातून चारशे वर्षांपूर्वीच्या एका गायक सुलतानाच्या गावी जायचे होते.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १५८३ साली, हा महाल उठला. मूळच्या सातांपैकी आज पाच मजले उरले आहेत. वरपर्यंत पाणी खेळवल्याच्या खुणा दिसतात. समोर चिमुकली जलमंझिल आहे. भिंतींवर एके काळी माणसांची चित्रे होती. आता पुसट रंग आणि उघडा चुना. त्या चित्रकलेची कल्पना यावी म्हणून पूर्वेस कुमटगीला जावे. तेथील जलमहालाच्या भिंतींवर चौगान खेळणारे स्वार ओळखू येतात; पण त्यांच्यावरही हौशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली आहेत!

याच इब्राहिमाने दखनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ रचली, तीत सरस्वती व गणपती यांचे स्तवन केले आणि आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असे लाडके नाव दिले. पदांच्या माथ्यावर भूपाली, आसावरी, कल्याण, केदार अशी आपल्या ओळखीची नावे आहेत. परंतु ती पदे तो कशी गाई, हे आज कोणासही सांगता येणार नाही. स्वरलेखन नाही, आणि ती चाल सांगणारा गळाही उरला नाही. चित्राचा निदान रंग तरी भिंतीवर राहिला.

माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या वहीत चिजांचे बोल आहेत. चाली मला त्यांच्यासमोर बसून घ्याव्या लागल्या. त्यांतील काही आज माझ्याखेरीज कोणी गात असल्याचे ऐकिवात नाही. परतल्यावर वर्गातील चार मुलांना त्यांतली एक चीज सांगावयास घेतली आहे. ज्यांच्या घरी जुनी चीज आहे, त्यांनीही ती कोणाला तरी शिकवावी, आणि विजापूरला जाल तेव्हा सात मंझिलपाशी घटकाभर थांबावे.