खुब्याची वाटी आणि झिजेची कसोटी

कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडात रोवलेल्या दांड्यावर एक चेंडू असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असले आणि मध्ये द्रवाचा पातळ थर टिकला, तर झीज अगदी कमी होते. म्हणून तरुण, कष्टाची कामे करणाऱ्या रुग्णांना हे सांधे सुचवले जात.

झीज मोजणारे यंत्र सांध्याला चालवते. भोवती शरीराइतका उबदार, वासराच्या रक्तातून काढलेला सीरम असतो. दर सेकंदाला एक आवर्तन होते आणि भार सुमारे ३०० किलोपर्यंत चढतो. अशी ५० लाख आवर्तने होतात. वर्षभराचे चालणे ढोबळमानाने दहा लाखांचे धरतात. मध्ये मध्ये भागांचे वजन करतात. घटलेले वजन म्हणजे झीज.

पण या नेहमीच्या चाचणीत वाटी योग्य कोनात बसवलेली असते. शस्त्रक्रियेत ती जास्त उभी बसू शकते. शिवाय पाय उचलताना चेंडू वाटीतून किंचित सुटतो आणि टाच टेकताना कडेवर आदळतो. भार अरुंद पट्टीवर येतो, द्रवाचा थर फाटतो. कठोर चाचणीत हेच मुद्दाम घडवतात: वाटी उभी करतात, यंत्र थांबवून पुन्हा चालवतात, द्रवात खरखरीत कण मिसळतात. झीज कित्येक पटींनी वाढते. शिवाय आपल्याकडे शेतातली खुरपणी उकिडवे बसून होते. चालण्याच्या चाचणीत ती बैठक येतच नाही.

डेप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ सांध्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती, म्हणजे कड आणखी जवळ. झिजेतून सुटलेल्या अतिसूक्ष्म कणांनी भोवतालच्या ऊती मरत, गाठी होत, रक्तातले कोबाल्ट वाढे. ब्रिटनच्या नोंदींत पाच वर्षांत १२-१३ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागल्याचे दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने सांधा जगभरातून मागे घेतला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्राने २०१८ मध्ये ३० लाख ते १.२३ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे सूत्र ठरवले. कडेवर भार आणून झीज मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४२४२चा चौथा भाग, त्याच वर्षी निघाले.